लहान नौकेचा शाफ्ट आणि तेलाचा थेंब

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कापूरहोळ नांवाचें गांव आहे. संभाजीमहाराजांना बाळपणीं दूध पाजणाऱ्या धाराऊ गाडे यांचें गांव म्हणून इतिहासाला त्याची ओळख आहे; आजच्या प्रवाशाला तें ठाऊक असतें तें तेथील फाट्यामुळें. येथें हमरस्ता सोडून भोरच्या वाटेला लागलें, कीं पुढें भोरजवळ भाटघरचें धरण येतें. वेळवंडी नदी अडवून बांधलेलें हें धरण १९२८ सालीं पुरें झालें. त्याला मुंबई इलाख्याचे एके काळचे गव्हर्नर लॉइड यांचें नांव दिलें गेलें. धरणामागील विस्तीर्ण जलाशय आज येसाजी कंक यांच्या नांवानें ओळखला जातो. पावसाळा सरतां सरतां हा जलाशय भरून येतो. चोहोंकडे डोंगर आणि मध्यें निवांत पाणी असें हें स्थळ असल्यामुळें शहरांतील कुटुंबांचीं पावलें सुटीच्या दिवशीं तिकडे वळतात. अशा एखाद्या कुटुंबांतील मुलानें कित्येक महिने खपून हातभर लांबीची एक नौका तयार केली आहे, तिच्या पोटांत विजेची लहानशी मोटर व बॅटरी बसविली आहे, आणि आज ती प्रथमच मोठ्या पाण्यांत सोडावयाची आहे, अशी क्षणभर कल्पना करावी.

नौका निघते. पहिले चाळीस-पन्नास हात ती डौलानें जाते. मग तिचा आवाज बदलतो. गुणगुण थांबून करकर ऐकूं येते, वेग मंदावतो, आणि कांठापासून बऱ्याच अंतरावर ती उभी राहते. वडील म्हणतात, बॅटरी उतरली. मुलगा म्हणतो, मोटर बिघडली. बॅटरी उतरली हें खरें असेल, मोटर तापली हेंहि खरें असेल. परंतु त्या दोघींना थकविणारा दोष पुष्कळदां मागें, पाण्याखालीं, बोरूएवढ्या जाडीच्या एका नळींत दडलेला असतो. दोष लहान आहे, पण त्याचा परिणाम लहान नाहीं. महिनोगणतीचे श्रम वाऱ्यावर दूर चाललेले पाहून मुलाचें पाऊल आपोआप पाण्याकडे पडतें. आणि धरणाचें पाणी कांठावरून दिसतें तितकें उथळ नसतें. म्हणूनच नौकेच्या शाफ्टची निगा हा केवळ खेळण्याचा विषय समजून सोडून देतां येत नाहीं.

प्रथम या रचनेचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. नौकेच्या मागें पाण्यांत फिरून पाणी मागें लोटणारा जो पंखा, त्याला प्रोपेलर म्हणतात. मोटर नौकेच्या पोटांत कोरडी असते, प्रोपेलर बाहेर ओला असतो. या दोहोंना जोडणारी पोलादी सळई म्हणजे शाफ्ट. सळई बाहेर काढावयाची, तर नौकेला भोंक पाडल्यावांचून गत्यंतर नाहीं. पाण्याच्या पातळीखालीं भोंक पडणें, या ज्या गोष्टीला नौका बांधणारा सर्वांत अधिक भितो, तीच गोष्ट त्याला येथें आपल्या हातानें करावी लागते. त्या भोंकांत एक पितळी नळी पक्की बसवितात आणि शाफ्ट तिच्यांतून जातो. नळीच्या दोन्ही टोंकांस पितळेचे किंवा कांशाचे आंखूड बुश असतात. शाफ्ट टेकतो तो या दोन बुशांवरच. मधल्या भागांत त्याच्या भोंवतीं पोकळी राहते. हौशी लोकांच्या नौकांत शाफ्टची जाडी बहुधा ४ मिलिमीटर असते. नळीचा आंतील व्यास ६ मिलिमीटर आणि लांबी २० सेंटिमीटर धरली, तर त्या पोकळींत सुमारें ३ घन सेंटिमीटर वंगण मावतें. म्हणजे चहाचा एक चमचाहि पुरा भरत नाहीं. नौका चालणार कीं थांबणार, तरणार कीं बुडणार, हें बव्हंशीं या अर्ध्या-पाऊण चमच्यावर ठरतें.

वंगण ही वस्तु मराठी माणसाला यंत्रयुगानें शिकविलेली नाहीं. बैलगाड्या कात्रजचा घाट ओलांडून येत, त्या काळीं गाडीच्या साट्याखालीं वंगणाचा नळा टांगलेला असे. चाकाचा तुंबा आंसावर कोरडा फिरूं लागला, कीं करकर सुरू होई; गाडीवान गाडी थांबवी, चाक सैल करी, आंसाला वंगण चोपडी आणि मग पुढें निघे. करकरणारी गाडी बैलांचा जीव घेते, हें त्याला पुस्तकावांचून कळत होतें. नौकेंतील बॅटरी म्हणजे तिचे बैलच होत. कोरड्या शाफ्टशीं झगडण्यांत त्यांची शक्ति खर्ची पडते आणि नौकेला पुढें नेण्यास ती उरत नाहीं. फरक एवढाच, कीं गाडीच्या वंगणाला मुख्यतः एकच काम होतें. नौकेच्या वंगणाला दोन आहेत. घर्षण कमी करावयाचें हें पहिलें काम, आणि पाण्याला दाराशींच अडवावयाचें हें दुसरें. पहिल्या कामाला पातळ वंगण बरें, दुसऱ्याला दाट. या दोन गरजांचा मेळ घालणें, हेंच शाफ्टच्या निगेचें सारें मर्म आहे.

पहिल्या कामाचा विचार आधीं करूं. तेलानें घर्षण कमी होतें हें लोकांना अनादि काळापासून ठाऊक आहे. परंतु तें कां कमी होतें, हें कळावयास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर हे इंग्रज इंजिनिअर आगगाडीच्या आंसासारख्या एका आंसावर प्रयोग करीत होते. आंसाचा खालचा भाग तेलांत बुडलेला होता आणि वरच्या बाजूस बेअरिंग टेकलेलें होतें. तेल घालण्याच्या सोयीसाठीं बेअरिंगच्या माथ्याला भोंक पाडलें, तों तेल आंत जाण्याऐवजीं उलट त्यांतून बाहेर येऊं लागलें. भोंकांत बूच ठोकलें. तेंहि तेलानें बाहेर ढकललें. फिरणारा आंस तेलाला आपल्याबरोबर ओढून निमुळत्या फटींत नेतो, तेथें त्याचा दाब वाढतो, आणि त्या दाबावर तेलाचा पातळ पापुद्रा सारा भार उचलून धरतो, हें रहस्य अशा रीतीनें उघडकीस आलें. १८८६ सालीं ऑस्बर्न रेनल्ड्स यांनीं त्याचें गणित मांडलें. तात्पर्य, सर्व कांहीं ठीक असेल तर फिरता शाफ्ट बुशाला टेकत नाहीं, तो तेलावर तरंगतो. मात्र हा पापुद्रा गतीवर अवलंबून आहे. नौका सुरू होतांना आणि थांबतांना तो तुटतो व धातूला धातु घासतो. झीज होते ती मुख्यतः याच वेळीं. नळींतील तेल जाऊन तेथें पाणी शिरलें, तर ही अवस्था कायमचीच होऊन बसते. कारण पाणी तेलापेक्षां फारच पातळ असल्यामुळें त्याच्या पापुद्र्याला एवढ्याशा बुशांत भार पेलवत नाहीं. त्यांतून तें पाणी गढूळ असलें, तर मातीचा प्रत्येक कण कानशीचें काम करतो.

आतां दुसरें काम. शाफ्ट फिरावयाचा, तर तो आणि बुश यांच्यामध्यें मिलिमीटरच्या कांहीं शतांश भागांइतकी फट ठेवावीच लागते. या फटीचें गणित मोठें कडक आहे. अशा बारीक फटींतून सावकाश झिरपणारा प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाप्रमाणें वाढतो. बुश झिजून फट दुप्पट झाली, तर गळती दुप्पट होत नाहीं, आठपट होते. तिप्पट झाली, तर सत्तावीसपट. गेल्या वर्षीं कोरडी राहणारी नौका यंदा एकाएकीं पाणी कां घेऊं लागली, या प्रश्नाचें उत्तर बहुधा या घनांत सांपडतें. झीज हळूहळू झालेली असते, गळती मात्र अकस्मात् जाणवते. उलट पक्षीं, फटींतील द्रव जितका दाट, तितकी गळती कमी. म्हणून नळी वंगणानें भरलेली असणें हाच पाण्याविरुद्ध खरा बंदोबस्त होय. थेंबें थेंबें तळें साचतें ही म्हण काटकसरीच्या उपदेशासाठीं सांगितली जाते. नौकेच्या पोटांत साचणाऱ्या तळ्याला ती अधिकच लागू पडते.

हा बंदोबस्त टिकविण्यासाठीं जाणते लोक मुख्य नळीच्या आंतील टोंकाजवळ एक बारीक उभी नळी डाख देऊन बसवितात आणि तिचें तोंड पाण्याच्या पातळीच्या पुरतें वर ठेवतात. या उभ्या नळींतून तेल घालणें सोपें जातें. परंतु तिचा खरा उपयोग त्याहून मोठा आहे. साधारण तेलाची घनता पाण्याच्या नऊदशांश असते. नळीचें बाहेरचें टोंक पाण्याखालीं ५ सेंटिमीटर असेल, तर तेवढ्या पाण्याचा दाब तोलून धरण्यास तेलाचा स्तंभ सुमारें साडेपांच सेंटिमीटर उंच असावा लागतो. म्हणजेच उभ्या नळींतील तेल बाहेरच्या पाण्याहून थोडें वर राहिलें पाहिजे. तें त्याहून खालीं उतरलें, कीं पाणी तेलाला मागें रेटीत आंत येऊं लागतें. शक्य असेल तेथें मुख्य नळीचें आंतील टोंकहि पाण्याच्या पातळीवर काढतात, म्हणजे नौका उभी असतांना तरी पाणी आंत वाहत नाहीं. पण बॅटरीच्या ओझ्यानें नौका खोल बसली किंवा वेगांत तिची मागील बाजू खालीं गेली, तर एवढ्यावर विसंबून चालत नाहीं.

मग वंगण कोणतें वापरावें? तेल कीं ग्रीस? ग्रीस हा कांहीं अगदींच निराळा पदार्थ नव्हे. स्पंजांत पाणी राहावें तसें एका विशिष्ट साबणाच्या जाळ्यांत तेल धरून ठेवलेलें असतें, तेंच ग्रीस. तें कोणत्या साबणाचें आहे, यावर त्याचा गुण ठरतो. सोडिअमच्या साबणाचें ग्रीस पाण्यानें विरघळतें. तें येथें निरुपयोगी होय. कॅल्शिअमच्या साबणाचें ग्रीस पाण्याला दाद देत नाहीं. त्याला फार उष्णता सोसत नाहीं, पण लहान नौकेचा शाफ्ट सहसा तितका तापत नसल्यामुळें ती उणीव येथें बाधत नाहीं. हमरस्त्यावरच्या कोणत्याहि गॅरेजांत मोटारीच्या चाकांसाठीं वापरतात तें ग्रीस बहुधा लिथिअमचें असतें. तेंहि पाण्यांत बऱ्यापैकीं टिकतें आणि हौशी माणसाला सहज मिळतें. संथ चालणारी नौका, उदाहरणार्थ आगबोटीची किंवा मालवाहू जहाजाची प्रतिकृति असेल, तर ग्रीस उत्तम. तें नळींत जागच्या जागीं राहतें व पाण्याला अडवून धरतें. परंतु दाट वंगण स्वतःच शाफ्टला ओढ लावतें. वेगवान नौकेंत, जेथें शाफ्ट मिनिटाला हजारों फेरे घेतो, तेथें ठांसून भरलेल्या ग्रीसनें बॅटरी भराभर उतरते. अशा नौकेला पातळ तेल आणि वर सांगितलेली उभी नळी हीच जोडी योग्य. शर्यतीच्या कित्येक नौकांत मात्र सळईऐवजीं तारांचा पीळ घातलेला लवचिक शाफ्ट असतो. त्याला ग्रीसच लागतें आणि तेंहि वारंवार. दिवसाचा खेळ संपतांच तो शाफ्ट ओढून काढून, पुसून, पुन्हा माखून ठेवला नाहीं, तर तारांच्या पिळांत गंज धरतो आणि शाफ्ट ऐन वेगांत तुटतो.

घरांत जें तेल हातीं लागेल तें घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्याविषयीं सावध केलें पाहिजे. खोबरेल सुमारें २४ अंश सेंटिग्रेडच्या खालीं थिजूं लागतें. मावळांतील हिंवाळ्याच्या सकाळीं तें नळींत मेणासारखें होऊन बसेल. जवसाचें व करडईचें तेल हवेंत वाळून त्याची साय धरते. रंगाऱ्याला जवसाच्या तेलाचा हा गुण हवासा वाटतो, शाफ्टला तो मारक ठरतो. एरंडेलाचा पापुद्रा बळकट खरा, आणि गाडीच्या आंसाला तें सोसत असे. पण लहानशा बुशांत तें कालांतरानें चिकट होऊन बसतें. घरगुती तेलांत सर्वांत निर्धोक म्हणजे शिवणयंत्राचें तेल. तें स्वच्छ व हलकें असतें. मात्र तें लवकर निघून जात असल्यामुळें प्रत्येक खेपेस पुन्हा घालावें लागतें. गंज सोडविण्यासाठीं डब्यांतून फवारतात तें अतिशय पातळ द्रव्य पाणी हुसकावण्यास चांगलें. परंतु त्याचा बराचसा भाग उडून जातो, म्हणून त्याला वंगण समजून स्वस्थ बसूं नये. नायलॉनचे बुश असतील, तर आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. नायलॉन पाणी शोषून किंचित् फुगतें. कोरडा असतांना मोकळा वाटणारा शाफ्ट तासाभराच्या पोहण्यानंतर आवळला गेला, तर दोष वंगणाचा नसून बुशाचा असूं शकतो.

निगा राखण्याची रीत अवघड नाहीं. ती नेमानें पाळणें अवघड आहे. नौका पाण्यांत सोडण्यापूर्वीं मोटर व शाफ्ट यांमधील जोड सोडवून शाफ्ट बोटांनीं फिरवून पाहावा. तो एका जागीं अडून दुसऱ्या जागीं सुटत असेल, तर तो वांकलेला आहे. सर्वत्र सारखाच जड फिरत असेल, तर वंगण वाळलें आहे किंवा बुश आवळला आहे. सुटा असतांना हलका आणि जोडल्यावर जड फिरत असेल, तर मोटर आणि शाफ्ट एका रेषेंत बसलेले नाहींत. अशा वेळीं कितीहि तेल ओतलें तरी व्यर्थ. नंतर प्रोपेलरजवळ शाफ्ट धरून वरखालीं हलवून पाहावा. तो स्पष्टपणें डुगडुगला, तर बुश झिजला असें समजावें. ज्याच्याजवळ विजेचा प्रवाह मोजणारें मीटर आहे, त्यानें नवी नौका चांगली चालत असतांनाच मोटरचा प्रवाह मोजून वहींत टिपून ठेवावा. पुढें तोच आंकडा वाढूं लागला, कीं करकर कानीं येण्यापूर्वींच घर्षणाची वर्दी मिळते.

खेळ संपल्यावर नौका तशीच पेटींत घालणें हा सर्वांत सामान्य प्रमाद आहे. प्रथम आंतील पाणी टिपून घ्यावें. मग प्रोपेलरच्या मागें बोट फिरवून पाहावें. शेवाळ, केंस किंवा मासे पकडण्याच्या जाळ्याचा धागा तेथें गुंडाळलेला असल्यास तो काढावा, कारण असा धागा फिरत फिरत बुशाच्या तोंडांत शिरतो आणि त्याला कातीत राहतो. त्यानंतर औषधाच्या दुकानांत मिळणाऱ्या बिनसुईच्या पिचकारीनें उभ्या नळींतून ताजें तेल हळूहळू दाबावें, आणि शाफ्ट फिरवीत राहावें. बाहेरच्या टोंकाशीं येणारें जुनें तेल नीट पाहावें. तें दुधासारखें पांढुरकें दिसलें, तर नळींत पाणी शिरलें होतें. काळें दिसलें, तर धातु झिजत आहे. स्वच्छ तेल दिसूं लागतांच थांबावें आणि बाहेर आलेलें सारें फडक्यानें पुसून घ्यावें. मुंबईकडील किंवा गोव्याकडील खाऱ्या पाण्यांत नौका सोडली असेल, तर तत्पूर्वीं ती गोड्या पाण्यानें धुणें अगत्याचें आहे. न गंजणारें पोलाद या नांवावर फार विश्वास टाकूं नये; खारें पाणी नळींत कोंडून राहिलें, तर त्या पोलादालाहि बारीक खड्डे पडतात.

वर्षांतून एकदां, पावसाळ्याच्या सक्तीच्या विश्रांतींत, शाफ्ट संपूर्ण बाहेर काढावा. तो मागच्या बाजूनें निघतो, आणि तेथें पुष्कळदां सुकाणूं आडवें येतें. म्हणून नौका बांधतांनाच सुकाणूं काढतां येईल अशी योजना करावी. निघणारे वॉशर व नट ज्या क्रमानें निघाले त्याच क्रमानें कागदावर मांडून ठेवावे. शाफ्ट रॉकेलनें किंवा टर्पेंटाइननें पुसावा, व विस्तवापासून दूर बसून पुसावा. दोऱ्याला फडक्याची चिंधी बांधून ती नळींतून आरपार ओढावी, आणि चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हें करीत राहावें. मग शाफ्ट खिडकीच्या कांचेवर ठेवून लोटावा. तो वांकडा असेल, तर त्याच्याखालून उजेड कमीजास्त होतांना दिसतो. वांकलेला शाफ्ट हातोडीनें सरळ करण्याचा खटाटोप बहुधा फसतो. नवा घेणें बरें. बुश टेकतो त्या जागीं नख फिरवून पाहावें. नख अडकलें, तर तेथें खांच पडली आहे, आणि शाफ्टबरोबर बुशहि बदलावा, कारण जुन्या बुशांत नवा शाफ्ट घातल्यानें फट भरत नाहीं. शेवटीं शाफ्टला वंगण माखून तो फिरवीत फिरवीत आंत सारावा. नट आवळतांना शाफ्टला पुढेंमागें सरकण्यास एखाद्या पोस्टकार्डाच्या जाडीइतकी ढील ठेवावी; मुळींच ढील न ठेवल्यास वॉशर घासून तापतात आणि सारे श्रम फुकट जातात.

लहान नौकेला पडणारा हा प्रश्न मोठ्या जहाजांनाहि चुकलेला नाहीं. १८३६ सालीं इंग्लंडांत फ्रॅन्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिक्सन यांनीं मळसूत्री प्रोपेलरचे पेटंट घेतले. १८४३ सालीं ब्रुनेल यांचें 'ग्रेट ब्रिटन' हें प्रोपेलरवर चालणारें लोखंडी जहाज पाण्यांत उतरलें. प्रोपेलर यशस्वी झाला, पण शाफ्टच्या नळीनें इंजिनिअरांना हैराण केलें. जड शाफ्टखालीं पितळी बेअरिंगें भराभर झिजून जात. १८५४ सालीं जॉन पेन यांनीं त्यावर उपाय काढला तो लांकडाचा. अमेरिकेच्या उष्ण भागांतील लिग्नम व्हायटी नांवाच्या झाडाचें लांकूड इतकें जड असतें, कीं तें पाण्यांत बुडतें, आणि त्याच्या अंगांत स्वतःचा राळेसारखा स्निग्ध रस असतो. त्याच्या पट्ट्या बेअरिंगांत बसवून मध्यें पाण्यासाठीं पन्हळी ठेवल्या, आणि समुद्राचें पाणीच वंगणाचें काम करूं लागलें. पुढें विसाव्या शतकांत तेलानें भरलेल्या नळ्या व दोन्ही टोंकांस रबरी सील अशी पद्धति रूढ झाली, आणि तेलाची टाकी जहाजांत पाण्याच्या पातळीहून उंच बसविण्यांत येऊं लागली. मुलाच्या नौकेंतील उभी नळी आणि हजारों टनांच्या जहाजांतील ही टाकी यांच्या तत्त्वांत कांहीं भेद नाहीं. पुणें जिल्ह्यांतच, लोणावळ्याजवळ, १९४५ सालीं स्थापन झालेली 'शिवाजी' ही नौदलाची संस्था जहाजांवरील यंत्रांचें शिक्षण देते. आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेंतील मुलें-मुली नौकांच्या प्रतिकृति बनविण्याच्या स्पर्धांत उतरतात. मोठ्या विद्येचा ओनामा असा लहान नळींतूनहि गिरवितां येतो.

परंतु तेलाच्या या उपयोगाला एक दुसरी बाजू आहे. नळींतलें तेल पाण्याला अडवितें खरें, तरी तें स्वतः थोडें थोडें पाण्यांत जात असतें. मोठ्या जहाजांच्या बाबतींत या गळतीची दखल राष्ट्रांना घ्यावी लागली. अमेरिकेनें २०१३ सालच्या नियमांनीं आपल्या समुद्रांत येणाऱ्या मोठ्या जहाजांना, जेथें तेलाचा पाण्याशीं संबंध येतो तेथें, शक्य तोंवर पर्यावरणाला कमी अपाय करणारींच वंगणें वापरण्याचें बंधन घातलें. कांहीं जहाजें तर पुन्हा पाण्याच्याच वंगणाकडे वळलीं आहेत. लांकडाच्या जागीं आतां कृत्रिम द्रव्यांचीं बेअरिंगें आलीं, एवढेंच. एका थेंबानें काय होणार, असें ज्याला वाटत असेल त्यानें बेंजामिन फ्रँक्लिन यांचा प्रयोग आठवावा. लंडनजवळ क्लॅपम येथील तळ्यावर त्यांनीं चमच्याहून अधिक नसेल इतकें तेल ओतलें, आणि तें पसरत पसरत सुमारें अर्धा एकर पाणी आरशासारखें स्तब्ध झालें. १७७४ सालीं या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. भाटघरचें पाणी नीरेच्या कालव्यांनीं बारामती, फलटण, माळशिरस या बाजूंच्या शेतांपर्यंत जातें. तेव्हां तेल बेताचें घालावें, बाहेर आलेलें पुसावें, आणि तें फडकें कांठावर टाकून न देतां घरीं परत न्यावें. ज्याला साधेल त्यानें पाण्यांत टिकणारें ग्रीस वापरावें, म्हणजे गळतीच कमी होते.

इतकी काळजी घेतल्यावरहि एखाद्या दिवशीं नौका पाण्यांत थांबणारच. यंत्र तें यंत्र. त्याचा भरंवसा किती द्यावा? म्हणून त्या प्रसंगाची तयारी घरूनच करून निघावें. नौकेच्या पोटांत थर्मोकोलचे तुकडे बसवावे, म्हणजे पाणी भरलें तरी ती बुडत नाहीं. लांब दोरीच्या टोंकाला हलका चेंडू बांधून बरोबर ठेवावा. तो नौकेच्या पलीकडे फेकून दोरीनें तिला ओढून आणतां येतें. नौका सोडण्यापूर्वीं वारा कांठाकडे वाहत आहे कीं कांठापासून दूर, हें पाहावें. कांठाकडे वाहणारा वारा थांबलेल्या नौकेला आपण होऊन परत आणून देतो. जेथें मनाई असेल तेथें पाण्याजवळ जाऊं नये, आणि वडील माणसाशिवाय मुलांना तर मुळींच जाऊं देऊं नये. नौकेमागें पाण्यांत उतरावयाचें नाहीं, हा नियम मात्र मोटर सुरू करण्यापूर्वींच मुलाकडून वदवून घ्यावा. उन्हाळ्यांत भाटघरचें पाणी इतकें उतरतें, कीं एरवीं बुडालेलें कांबरें येथील कांबरेश्वराचें देऊळ उघडें पडतें. त्या दिवसांत कांठचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आंत पाय धरून ठेवतो. नौका पुन्हा बांधतां येते.

गाडीवान वंगणाचा नळा घरीं विसरून निघत नसे, कारण वाटेंत चाक करकरलें तर बैलांचे हाल होतील हें तो जाणत होता. घरांतील मुलानेंहि बॅटरी भरून घेतांना तेलाची कुपी आणि फडकें आठवणीनें पिशवींत टाकावें, आणि नौका पाण्याला लावण्यापूर्वीं एकदां शाफ्ट बोटानें फिरवून पाहावा. त्याला दोन मिनिटें लागतात. तेवढीं दोन मिनिटें दिलीं, तर नौका बहुधा आपल्या पायांनीं कांठाला परत येते, आणि मुलगा कांठावरच उभा राहतो.